सब्र गॅरेजात दिसतो

कुर्ल्यात बनलेली जुनी पद्मिनी पुन्हा उभी करताना गंजलेला स्क्रू नुसत्या जोरानं निघत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आवळून बसतात. उस्ताद तेल सोडून रात्रभर थांबतो, हलके ठोके देतो, थोडं मागे-पुढे फिरवतो. डोकं तुटलंच तर बरोबर मध्यावर भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवतो. तो कडक पोलादाचा. आत मोडला तर साध्या ड्रिललाही दाद देत नाही.

हे विज्ञान आपली कितीतरी मुलं हातांनी शिकतात, आणि आपण त्यांना ‘शाळा सोडलेला’ म्हणून मोकळे होतो. सब्रवर तकरीरी पुष्कळ झाल्या. आता या मुलांचा सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावी करून घ्या, आयटीआयला पाठवा. हुनर त्यांच्याकडे आहेच, कागद तेवढा आपण मिळवून द्यायचा आहे.