चुकांचा क्रम

जर्मन भाषेतील साध्या विधानात क्रियापदाचे दुसरे स्थान सहसा ढळत नाही. 'आज' हा शब्द आरंभी आला, की कर्त्याला क्रियापदानंतर जावे लागते: 'हॉइटे गेहे इश', शब्दशः 'आज जातो मी'. स्थलांतरित कामगाराचे मूल मात्र 'हॉइटे इश गेहे' म्हणते आणि शिक्षकाची लाल शाई सरसावते.

मान्फ्रेड पीनेमान यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इटालियन मुलांना ही उलटापालट मुद्दाम शिकवून पाहिली होती. आधीची पायरी गाठलेल्यांनाच ती साधली. इतरांना शिकवूनही साधली नाही. याउलट तिसऱ्या-चौथ्या वर्षी बालवाडीत जर्मन कानी पडू लागलेली तुर्की मुले क्रियापदाची जागा बव्हंशी जर्मन मुलांप्रमाणेच आत्मसात करतात, असे मोनिका रोटवाइलर यांना आढळले. म्हणजे दोष बुद्धीचा नव्हे, घरच्या भाषेचाही नव्हे.

म्हणून 'काय चुकले' याआधी 'मूल कोठवर आले' हे विचारले पाहिजे. जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलाच्या पुढील शाळेचा प्रकार ठरतो. पायरीला कुवत समजण्याची किंमत शिक्षक मोजत नाही. ते मूल मोजते.