ठिपके गेले तरी इलाज थांबवू नये

मार्गशीर्ष-पौषात ज्या भिंगार छावणीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ऊन पुन्हा अंगाला लागते, तेथे काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्याने हिवाळ्याची विशेष खबरदारी घ्यावी. कारण उष्णतामानाच्या अशा चढउतारांनी माशांची प्रतिकारशक्ती क्षीण होते, आणि नव्याने आणलेल्या एखाद्या मॉली माशाबरोबर आलेला परोपजीवी साऱ्या टाकीत पसरतो. मासा दगडाला अंग घासू लागतो, पर मिटून कोपऱ्यात राहतो आणि लवकरच त्याच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात.

फूके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली वर्णन केलेला हा एकपेशीय जीव त्वचेखाली पोसतो, पूर्ण वाढल्यावर गळून तळाशी जातो, तेथे कोष करून शेकडो पिल्लांत विभागतो, आणि ती पिल्ले साधारण दोन दिवसांत मासा न गाठल्यास मरतात. औषधाचा अंमल चालतो तो केवळ या पोहत्या पिल्लांवर. त्वचेखाली वा कोषात दडलेल्या जीवाला ते बाधत नाही. तेव्हा ठिपके नाहीसे झाले, की रोग गेला असे मानून औषध बंद करणे म्हणजे, तळाशी नवी पिढी तयार होत असतानाच, बंदोबस्त उठवणे होय.

दिवसाला एक-दोन अंश या बेताने पाणी ३० अंशांपर्यंत तापवावे, म्हणजे आठवडोगणती रेंगाळणारे हे जीवनचक्र थोड्या दिवसांत आटोपते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप अहोरात्र चालू ठेवावा. लिटरमागे दोन ग्रॅम खडे मीठ थोडे थोडे विरघळवून घालावे, मात्र बिनखवल्याच्या माशांच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. आणि तळाची रेती नळीने वारंवार उपसावी. शेवटचा ठिपका गेल्यावरही हा क्रम किमान आठवडाभर, शक्य तर दोन आठवडे चालवावा. खाद्यमाशांच्या संवर्धनात मनाई असलेल्या मॅलाकाइट ग्रीनची बाटली काही दुकानांतून सहज हाती ठेवली जाते, पण औषध किती दिवस चालवायचे, हे क्वचितच कोणी सांगते. ही उणीव मला फार गंभीर वाटते. विक्रेत्याने औषधाची मुदत तोंडी सांगून न थांबता चिठ्ठीवर लिहून द्यावी, आणि नवा मासा दोन-तीन आठवडे निराळ्या पात्रात ठेवण्याची तजवीज आहे काय, हे गिऱ्हाइकास आधी विचारावे.