फाइल कॉम्प्युटरवर गेली, पण टेबलं तेवढीच राहिली तर? ई-ऑफिसच्या निमित्ताने लखिना पॅटर्नची आठवण

अहिल्यानगर : "तुमची फाइल वर गेलीय." सरकारी कार्यालयाच्या दारात हे वाक्य ऐकलं नाही असा शेतकरी जिल्ह्यात सापडणं अवघड. वर म्हणजे नेमकी कुठे, कोणाच्या टेबलावर, किती दिवसांपासून, हे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "पुढच्या आठवड्यात या."

क्षेत्रफळाने आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा. चौदा तालुके, तेराशेच्या वर ग्रामपंचायती. अकोल्याच्या माणसाला नगरला यायचं तर एका बाजूचाच प्रवास शंभर किलोमीटरहून जास्त. म्हणजे 'पुढच्या आठवड्यात या' याचा अर्थ एसटीचं भाडं, एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि घरी दावणीला बांधलेल्या जनावरांची चिंता. त्यामुळे फाइल कागदाची असावी की कॉम्प्युटरवरची, हा प्रश्न फक्त कारकुनांचा नाही, आपलाही आहे.

नेमकं काय बदलतंय?

मोठ्या कंपन्या, बँका, विमा कार्यालयं यांच्याकडे कामाचा प्रवास सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं. त्याला बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट म्हणतात. कोणतं काम कुठून सुरू होणार, कोणाकडे जाणार, किती दिवसांत व्हायला हवं आणि नाही झालं तर कोणाला कळणार, हे त्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. सरकारी कार्यालयांत हेच काम बऱ्याच अंशी 'ई-ऑफिस' करतं. केंद्राच्या एनआयसी या संस्थेने ही प्रणाली तयार केली. टपाल स्कॅन होतं, त्याला क्रमांक पडतो, टिपणी कॉम्प्युटरवर लिहिली जाते आणि सही डिजिटल होते. फाइल कोणाकडे कधी गेली याची नोंद आपोआप राहते.

हे नवीन नाही. सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने दशकभरापूर्वीच ई-ऑफिस सुरू केलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, कित्येक फायलींची राख झाली, तेव्हा कागदावर अवलंबून राहण्याची किंमत सगळ्या राज्याला कळली. २०२५ मध्ये तर राज्य सरकारने १५० दिवसांचा कार्यक्रमच हाती घेतला. २ ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या त्या कार्यक्रमात ई-ऑफिस, आपले सरकार पोर्टल, वेबसाइट, डॅशबोर्ड अशा गोष्टींवर कार्यालयांचं मूल्यमापन होतं.

इथपर्यंत सगळं चांगलं. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो.

नगरने हे आधी केलंय, तेही कॉम्प्युटरशिवाय

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना हे इथले जिल्हाधिकारी होते. तेव्हा टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. होते ते फायलींचे गठ्ठे आणि धूळ खाणारी कपाटं. लखिना यांनी हात घातला तो कामाच्या मांडणीला. जुनं रेकॉर्ड बाहेर काढून त्याचं वर्गीकरण केलं, मुदत संपलेले कागद नष्ट केले, बसण्याची रचना बदलली आणि कोणाचं काम कोणतं हे ठरवून दिलं. आलेल्या माणसाला दहा टेबलं फिरावं लागू नये, ही त्यामागची दृष्टी. हा प्रयोग 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर पोहोचला आणि आजही प्रशासनात त्या नावाने ओळखला जातो.

रेकॉर्डची शिस्त आजही साधीच आहे. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'क' साधारण दहा वर्षं आणि 'ड' वर्षभर. हातातल्या कामाचेही सहा गठ्ठे करायचे: चालू प्रकरणं, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक काळाने पाठवायची, स्थायी आदेशांची, रेकॉर्ड रूमला द्यायची आणि नष्ट करायची. पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना 'झिरो पेन्डन्सी' मोहीम झाली, तिचा पायाही अशीच आवराआवर हा होता.

यातला धडा सरळ आहे. आधी काम नीट लावायचं, मग यंत्र आणायचं. उलटं केलं तर पसारा तसाच राहतो, फक्त तो स्क्रीनवर दिसायला लागतो. सहा टेबलांवरून फिरणारी कागदी फाइल सहा लॉगिनमधून फिरणार असेल, तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? प्रिंट काढायची, त्यावर सही घ्यायची आणि तीच परत स्कॅन करून चढवायची, असं दुहेरी काम सुरू झालं की कारकूनही वैतागतो. त्याचा राग सॉफ्टवेअरवर निघतो आणि सगळ्याचं खापर 'सर्व्हर डाऊन'वर फुटतं.

हे सरकारलाही माहीत आहे. म्हणूनच २०२३ मध्ये मंत्रालयात ई-ऑफिसचा आग्रह धरताना फाइलचे टप्पे कमी करून जास्तीत जास्त चारवर आणायचं ठरलं. टप्पे तोडणं हाच अवघड भाग आहे. टप्पा तोडायचा म्हणजे कोणाची तरी सही कमी करायची, आणि सही कमी झाली की वजन कमी झाल्यासारखं वाटतं. हे काम सॉफ्टवेअर करून देत नाही. ते साहेबांनीच करायचं असतं.

कोणता उशीर गरजेचा, कोणता फुकटचा?

फेरफाराचं उदाहरण घेऊ. ई-फेरफार आल्यापासून खरेदीखत नोंदवलं की त्याची माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाते. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्कवरून करता येतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. हे बदल खरे आहेत आणि लोकांनी ते उचलले आहेत.

पण फेरफारात हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते. हा उशीर कमी करायचा नाही. एखाद्या बहिणीचं नाव वारसांतून गुपचूप वगळलं जात असेल, तर तिला बोलायला मिळणारे हेच ते दिवस. मात्र हरकत आली नाही, मुदत संपली आणि तरीही नोंद मंजुरीसाठी पडून आहे, तो उशीर फुकटचा. चांगल्या प्रणालीने हे दोन उशीर वेगळे दाखवले पाहिजेत. फक्त 'प्रलंबित' असा एकच शिक्का मारून चालणार नाही.

दुसरी पळवाट 'त्रुटी'ची. मुदत भरत आली की एखादी त्रुटी काढून प्रकरण परत पाठवायचं. कॉम्प्युटरवर ते निकाली निघाल्यासारखं दिसतं, माणूस मात्र नव्याने रांगेत उभा. डॅशबोर्ड हिरवा आणि अर्जदार हवालदिल. म्हणून किती प्रकरणं संपली एवढंच मोजू नका. किती परत पाठवली आणि एकाच अर्जात कितीदा त्रुटी काढली, तेही मोजा.

आपल्याला स्क्रीन दिसते का?

ई-ऑफिस ही मुळात कार्यालयाच्या आतली व्यवस्था. साहेबांना कळतं की फाइल अमुक टेबलावर नऊ दिवस आहे. अर्जदाराला ते कळायची सोय नसेल, तर त्याच्यासाठी ती अजूनही 'वर गेलीय' एवढीच.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवेला किती दिवस लागतील आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कार्यालयाने फलकावर लावायचं आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण हे सगळं चालतं पोचपावतीवर. अर्ज तोंडी घेतला, तारीख पडली नाही, तर मुदत मोजणार कुठून?

तेव्हा यापुढे अर्ज दिला की पोच आणि क्रमांक मागून घ्या. फलक वाचा. 'वर गेलीय' म्हटलं की विचारा, "कोणत्या तारखेला, कोणाकडे?" ज्या कार्यालयात ई-ऑफिस खरंच चालतं, तिथे या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळायला हवं.

आणि कार्यालयांसाठी एकच मागणी. दर महिन्याला तालुकावार यादी लावा: कोणत्या संकलनात किती प्रकरणं, सरासरी किती दिवस, किती परत पाठवली. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही, माहिती आत आहेच. चाळीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर नसताना ज्या जिल्ह्याने राज्याला घडी घालून दाखवली, त्याला एवढं जड जाऊ नये.