आधी दार कळू दे

“एवढा मोठा उंदराचा पिंजरा कशाला आणलास गं?” क्रेट घरात आला त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं. घडी होणारी लोखंडी जाळीची ती पेटी आम्ही दोन महिन्यांच्या टिपूसाठी आणली होती. त्याला रात्री झोपायला जागा व्हावी आणि आम्ही घरी नसताना त्याने वायरी चावू नयेत, एवढाच हेतू.

चूक माझीच झाली. त्याच संध्याकाळी इंदूरमध्येच एका लग्नाला जायचं होतं. टिपूला उचलून आत ठेवलं, कडी लावली आणि आम्ही सगळे निघालो. तीन तासांनी परत आलो, तर गादी ओली, जाळी चावून हिरड्यांतून रक्त आलेलं आणि ओरडून ओरडून आवाज बसलेला. आई मला रागावल्या नाहीत. टिपूला मांडीवर घेऊन एवढंच म्हणाल्या, “आधी त्याला दार कळू दे. मग लाव.”

क्रेट परत करायचं मनात आलं होतं. पण आईंचं वाक्य धरून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली.

दार सुतळीने उघडं बांधून ठेवलं. आत आईंचं जुनं सुती लुगडं अंथरलं. जेवणाची वाटी पहिल्या दिवशी दाराबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत, शेवटी अगदी मागच्या बाजूला. टिपू आपणहून आत गेला की “घरात जा” म्हणायचं आणि पोळीचा तुकडा द्यायचा. आठवड्याने तो आत जेवत असताना दार लोटलं आणि जेवण संपताच उघडलं. मग एक मिनिट, पाच मिनिटं, मग मी स्वयंपाकघरात असताना अर्धा तास. मध्येच घाबरला तर एक पायरी मागे. तीन आठवडे गेले, पण पुन्हा रक्त आलं नाही.

तुमच्याकडेही पिलू येणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. क्रेटमध्ये त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आत ठेवताना गळपट्टा काढा, तो जाळीत अडकू शकतो. जागा पंख्याखालची, सावलीची हवी. आपल्या माळव्यातल्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा खिडकीजवळ नको. पिलू जितक्या महिन्यांचं, साधारण तितकेच तास त्याला शू धरवते. हे मला त्या रात्री माहीतच नव्हतं. म्हणून बाहेर काढलं की आधी त्याला शूला न्या. रात्री कुरकुरलं तर हट्ट समजू नका, बहुतेक वेळा त्याला बाहेर जायचं असतं. तो आत असताना मुलांनी हात घालायचा नाही. आणि शिक्षा म्हणून कधीही कोंडायचं नाही. दिवसभर ऑफिसला जाताना बंद करून ठेवायची ती जागा नव्हे. काही कुत्र्यांना बंद दार सोसतच नाही. तिथे जबरदस्ती न करता पशुवैद्यांना विचारावं.

दर दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेल्या कुत्र्यांचे फोटो आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. त्यातले काही परत सापडत नाहीत. गेल्या लक्ष्मीपूजनाला पहिली माळ वाजली आणि टिपू थरथरत उठला. मी घराचं दार लावायला धावले. मागे वळून पाहते तर तो क्रेटच्या कोपऱ्यात, लुगड्यात तोंड खुपसून बसलेला. कडी लावलेली नव्हती. आम्ही खिडक्या लावल्या, क्रेटवर तीन बाजूंनी चादर टाकली. आई पाट घेऊन शेजारी बसल्या आणि फटाके थांबेपर्यंत उठल्या नाहीत.

गणपती उठले की दिवाळीला जेमतेम दीड महिना उरतो. सुरुवात तेव्हाच करा.

आता पाहुण्यांपैकी कुणी “हा पिंजरा कशाला?” असं विचारलं, की मी उत्तर द्यायच्या आतच आई म्हणतात, “पिंजरा नाही हो. टिपूची खोली आहे ती.”