बिनकानाची फळी

कढईला दोन कान असतात. बादलीला कडी असते. पेटीला (गाण्याच्या, कपड्यांच्या नव्हे, पण खरं तर दोन्हींना) उचलायला कडी असते. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो, पण त्याच्या डोक्यावर हात घालायला कडं असतं, म्हणून एकटा माणूस तो खांद्यावर टाकून तीन जिने चढतो. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागलं नाही. वस्तू जड आहे, ती रोज हलवायची आहे, तर धरायला जागा ठेवा. संपलं.

मग मला कुणीतरी सांगा, की साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि १३ किलो वजनाच्या वस्तूला धरायला काहीही नसणं हे कुठल्या शहाणपणात बसतं?

नमनालाच घडाभर तेल झालं. नातेवाईक मंडळींसाठी आधी खुलासा. मी बोलते आहे ती उभं राहून वल्हवायच्या फळीबद्दल, म्हणजे पॅडलबोर्डबद्दल. आमच्याकडे सिअ‍ॅटलजवळ तळी भरपूर, आणि उन्हाळ्यात माझ्या सकाळी तळ्यावर जातात, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. हवा भरायच्या फळ्यांना बहुधा मध्ये पट्ट्याची मूठ असतेच. आजकालच्या बऱ्याचशा टणक फळ्यांनाही मधोमध हात घालायला खोबण असते. पण जुन्या फळ्या, लाटांवर खेळायच्या हलक्या फळ्या, घरी बनवलेल्या लाकडी फळ्या यांतल्या कितीतरी बिनकानाच्या असतात. काहींना खोबण असते ती इतकी उथळ, की चार बोटांची पहिली पेरं आत जातात आणि पुढे काही नाही. तिला मूठ म्हणणं म्हणजे बशीला वाटी म्हणण्यासारखं आहे.

माझी फळी जुनी, दुसऱ्याच्या हातची, आणि साफ बिनकानाची होती. फळी उत्तम. पाण्यावर शहाण्या गाईसारखी चालते. प्रश्न पाण्यापर्यंत न्यायचा होता. वाहनतळापासून काठापर्यंत दीडशे पावलं.

आता साधं गणित करू. माझी उंची पाच फूट एक इंच. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात २६ इंच भरतो. फळी ३२ इंच रुंद. फळी काखेत घेऊन खालची कड धरायची म्हटलं तर मला सहा इंच कमी पडतात. हे सहा इंच व्यायामाने वाढत नाहीत. निर्धाराने, सकारात्मक विचाराने किंवा रोज बदाम खाऊनही वाढत नाहीत. फळीच्या मधोमध मूठ असेल तर मात्र कडेपासून तिथपर्यंत अंतर होतं १६ इंच. माझा हात तिथे पोचतो आणि वर कोपर वाकवायला जागा उरते. प्रश्न माझ्या ताकदीचा नव्हताच. तेरा किलो म्हणजे काय, याहून जड पिशव्या आपण सगळ्याच जणी भाजी बाजारातून आणत आलोय. प्रश्न फळीवर मूठ नसण्याचा होता.

एका दुकानात (नाव घेत नाही, उगाच कशाला) मी विचारलं, की बाबा रे, याला मूठ बसवून द्याल का? तो म्हणाला, "आमच्याकडे याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

या वाक्यावर माझा राग आहे, आणि हा सगळा लेख त्या वाक्यासाठी आहे.

अरे, तक्रार कोण करणार? ज्यांना फळी उचलता आली त्यांना तक्रार नाही. ज्यांना उचलता आली नाही त्यांनी ती घेतली नाही. किंवा घेतली आणि ती गॅरेजमध्ये छताला टांगून ठेवली. किंवा नवरा, मुलगा, शेजारी मोकळा असेल त्याच दिवशी त्या तळ्यावर गेल्या, आणि हळूहळू जाणं बंद झालं. यातलं कुणीही दुकानात येऊन तक्रार नोंदवत नाही. ते नुसते दिसेनासे होतात. मग काठावर उरतात ते लांब हातांचे लोक, आणि त्यांच्याकडे बघून दुकानदार म्हणतो, की बघा, सगळ्यांना जमतंय! फळीला मूठ नसण्याने कोण पाण्यात जाणार आणि कोण घरी बसणार हे ठरतं, आणि ठरवणाऱ्याला आपण काही ठरवलंय याचा पत्ताही नसतो.

माझा नवरा फळी आनंदाने उचलतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण मला सकाळी सहाला एकटीला जायचं असतं. ज्या कामाला दर वेळी "अहो, जरा येता का" म्हणावं लागतं, ते काम आपलं नसतं, दुसऱ्याच्या सवडीचं असतं.

आता शुद्धतावाद्यांकडे वळते. हे लोक सगळीकडे असतात, कुकरला लावलेलं वरण बेचव म्हणणारे आणि फळीला मूठ म्हणजे लाड म्हणणारे. त्यांचा आवडता दाखला हवाईचा. ड्यूक काहानामोकू हा हवाईचा थोर पोहणारा, १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक मिळवलेला, आणि सर्फिंग जगभर नेणारा. त्याची कोआ लाकडाची फळी १६ फुटी होती आणि ११४ पौंड, म्हणजे जवळपास ५२ किलो भरायची. "त्याला कुठे मूठ लागली?" असं मला विचारलं गेलं आहे. त्याला नसेल लागली. सहा फुटी ऑलिम्पिक विजेत्याला जे लागत नाही ते कुणालाच देऊ नये, असा नियम केला तर आपल्या घरातले जिन्यांचे कठडेही काढून टाकावे लागतील.

आणि परंपरेचंच म्हणाल, तर आज फळीचा भाग म्हणून जे जे मिरवलं जातं ते कुणीतरी मागाहून जोडलेलंच आहे. फळीच्या पोटाखालचा पर, म्हणजे फिन, टॉम ब्लेकने १९३५ साली पहिल्यांदा लावला. त्याआधी फळ्या बिनपराच्याच होत्या. घोट्याला बांधायची दोरी १९७१ च्या सुमाराला आली, पॅट ओ'नीलने आणली, तेव्हा तिला "कूक कॉर्ड" म्हणून हिणवलं गेलं. कूक म्हणजे तिथल्या बोलीत अडाणी नवशिका. आज ती दोरी बांधली नाही तर तेच लोक तुम्हाला अडाणी म्हणतील. तेव्हा मुठीला हसणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

शिवाय मूठ ही नुसती काठापर्यंतची सोय नाही, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. २००८ साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डने पोहण्याच्या आणि लाटांच्या ठरावीक जागांबाहेर पॅडलबोर्डला नावेचा दर्जा दिला. त्यामुळे लाइफ जॅकेट हवं, शिट्टी हवी. ठीकच आहे. पण खोल पाण्यात पडल्यावर परत वर कसं चढतात? फळीच्या मध्याशी यायचं, हात लांब करून मूठ पकडायची, पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून झाडायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. मूठ नसली तर पकडायला पलीकडची कड, ३२ इंचांवर, ओली आणि गुळगुळीत. गार पाण्यात बोटं लवकर बधिर होतात. तिसऱ्या प्रयत्नानंतर माणूस दमतो. म्हणजे ज्यांचे हात आखूड त्यांना काठावरही मूठ नाही आणि पाण्यातही नाही. याला लाड म्हणायचं?

दुसरा आक्षेप : "डोक्यावर घ्या." आमच्या आज्यांनी चुंबळ करून दोन-दोन घागरी डोक्यावरून आणल्या, त्यामुळे डोक्यावर वाहण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. घागर वाऱ्याने उडत नाही. फळी म्हणजे दोन चौरस मीटरचा पत्रा. वारा उठला की ती डोक्यावर गरकन फिरते आणि मान घेऊन फिरते. मुठीला धरलेली फळी वाऱ्यात वळवता येते, आणि अगदीच झालं तर पटकन खाली ठेवता येते.

तिसरा : "खांद्यावरचा पट्टा विकत मिळतो की." मिळतो. म्हणजे आधी मूठ न देता फळी विकायची आणि मग न दिलेली मूठ वेगळी विकायची. काही जण म्हणतील, पातेल्यालाही कान नसतात, सांडशी वेगळीच असते. पण सांडशी ओट्याशी राहते आणि पातेलंही तिथेच. फळीचा पट्टा गाडीत राहतो आणि फळी जाते तळ्याच्या पलीकडच्या काठाला. तिकडे उतरायची वेळ आली, की सांडशी घरी!

चौथा, आणि जरा वजनदार : "भोक पाडलं की पाणी शिरेल, फळी कमजोर होईल, वॉरंटी जाईल." बहुतेक टणक फळ्या आतून थर्माकोलच्या असतात, वर फायबरग्लास आणि एपॉक्सीचं कवच. कवच फुटून उघडं राहिलं तर दाण्यांमधून पाणी शिरतं, हे खरं. पण कारखान्यानेच फळीला भोकं पाडलेली असतात हो! फिनची पेटी बसवायला खाच, घोट्याची दोरी अडकवायला वाटी, हवा निघायला झडप. त्यांनी पाडलं तर रचना आणि आपण पाडलं तर नासधूस? भोक वाईट नसतं, उघडं ठेवलेलं भोक वाईट असतं. आणि वॉरंटीचं म्हणाल, तर उचलताच येत नाही अशा वस्तूची वॉरंटी म्हणजे न जेवता मिळालेल्या ताटाची पावती.

नुसता आरडाओरडा करून थांबायचं नाही, म्हणून रीतही सांगते. फिन लावून ठेवा, कारण तिचंही वजन असतं. स्टुलावर गुंडाळलेला टॉवेल ठेवून त्यावर फळी तोला. जिथे ती दोन्हीकडे झुकेनाशी होते तिथे खूण करा. त्या खुणेच्या पुढे आणि मागे साधारण दहा-दहा सेंटीमीटरवर दोरी अडकवायच्या वाट्या बसवायच्या, त्या बाजारात मिळतात. फळीत मधोमध लाकडाची पट्टी असेल तर ती कापू नका, तिला चाटून बाजूला घ्या. वाटीला जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर खोली लागते आणि फळी दहा-अकरा सेंटीमीटर जाड असते, तेव्हा आरपार जायची भीती नको. खड्ड्यात एपॉक्सी, वर फायबरग्लासच्या कापडाचा तुकडा आणि पुन्हा एपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिन चुकूनही नाही, त्याने थर्माकोल विरघळतो. (२०१८ च्या बंदीआधी ज्यांनी गणपतीच्या मखरावर भलताच स्प्रे मारून खड्डे पाडले असतील त्यांना वेगळं सांगायला नको.) २४ तास हात लावू नका. मग दोन वाट्यांतून जाड पट्टा ओवा, हात जाईल इतकाच सैल, पाय अडकेल इतका नव्हे. हवेच्या फळीला जादा मूठ हवी असेल तर पीव्हीसीचं ठिगळ असलेली मूठ, दोन भागांचा गोंद, आणि चिकटवल्यावर निदान २४ तास हवा न भरण्याचा संयम. करवतीला हात लावायचा नसेल तर फळ्या दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. पण मूठ नेमकी कुठे हवी ते तुम्ही सांगा, त्याला ठरवू देऊ नका.

एक फायदा आपोआप होतो. मूठ तोलाच्या जागी बसते, त्यामुळे कुठे उभं राहायचं तेही कळतं. मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय.

पुण्याच्या मावशीचा प्रश्न येणारच आहे, की एवढा उपद्व्याप करून त्या फळीवर उभं राहायचंच कशाला? मावशी, तुझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळापाशी तू स्वतः ठोकून घेतलेली ती लाकडी पायरी आठव. सुतार म्हणाला होता, घरात उंच माणसं आहेत की. तू त्याला काय उत्तर दिलं होतंस ते इथे लिहिण्यासारखं नाही :)

असो. ज्यांच्या गॅरेजमध्ये बिनकानाची फळी टांगलेली आहे त्यांनी येत्या शनिवारी ती खाली काढावी, तोलावी, आणि पेन्सिलीने नुसती एक खूण करावी. भोक पाडायचं की नाही ते नंतर ठरवा. आणि नवीन घेणार असाल तर रंग बघण्याआधी दुकानातच ती एकट्याने उचलून दीडशे पावलं चाला. नाही जमलं, तर फळी तिथेच ठेवा आणि का ठेवली ते मोठ्याने सांगा. पुढच्या वेळी त्यांना "आजवर कुणी तक्रार केलेली नाही" असं म्हणता येऊ नये, एवढंच.