विल्सनच्या रुग्णाच्या भावंडांनाही तपासा : पालक आणि शिक्षकांना जाहीर आवाहन



आठवी-नववीतल्या मुलाचं वळणदार अक्षर बिघडत चाललं, बोलणं जड झालं, लाळ गळू लागली, चहाचा कप तोंडाशी नेताना हात थरथरून चहा बशीत सांडू लागला, तर त्याला ‘नाटकं करतोस’ म्हणून रागावू नका. अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका. त्याला विल्सनचा आजार असू शकतो.

आपल्या रोजच्या जेवणातून थोडं तांबं पोटात जातंच, शरीराला ते लागतंही. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. या मुलांमध्ये त्या कामाचं जनुकच सदोष असतं. मग तांबं आधी यकृतात साठतं, पुढे मेंदूत. कुणाला कावीळ होते, कुणाला कंप सुटतो, कुणाचा नुसता स्वभावच पालटतो.

डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ साली हा आजार मांडला तेव्हा त्यावर औषध नव्हतं. १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी साठलेलं तांबं लघवीवाटे काढणारं पेनिसिलामाइन पुढे आणलं. आज जस्ताच्या गोळ्याही आहेत. मेंदू झिजवणाऱ्या बहुतेक आजारांवर असा इलाज नाही, इथे आहे, आणि तरीही निदानाला उशीर होतो याचं फार वाईट वाटतं.

रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं तपासून घ्या. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं आहे का, हे नेत्रतज्ज्ञांकडून पाहून घ्या. कडं दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

ज्या घरात एकाला हा आजार निघाला आहे, त्यांना हात जोडून विनंती आहे. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. ‘धाकटी तर ठणठणीत आहे’ असं म्हणून थांबू नका. ती ठणठणीत आहे तोवरच तिला न्या. लक्षणं दिसण्याआधी औषध सुरू झालं, तर मेंदूला इजा होण्याआधीच आजार आवरता येतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत असलेल्या कुटुंबांत तर ही काळजी जास्तच घ्या.

अशा रुग्णाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी देऊ नका. कलेजी, खेकडे-तिसऱ्या, काजू, चॉकलेट डॉक्टरांना विचारूनच द्या. मात्र नुसत्या पथ्याने हा आजार हटत नाही. इतरांनी घाबरून घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढायचं कारण नाही. फक्त ताक, आमटी, लिंबाचं सरबत बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका.

आणि गोळ्या सुरू असलेल्यांनो, बरं वाटतंय म्हणून त्या मनाने बंद करू नका. औषध जन्मभराचं आहे. ते सोडल्यावर यकृत अचानक निकामी होऊन जीव जाऊ शकतो. खर्च झेपत नसेल, औषधाचा त्रास होत असेल, दुकानात मिळत नसेल, तर गोळ्या संपण्याआधीच डॉक्टरांना गाठा.