विश्लेषण : पिस्तुलाची स्प्रिंग कडक म्हणजे चांगली?

अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलेलं जॉन ब्राउनिंग यांचं .४५ पिस्तूल तिथले नेमबाज आजही वापरतात. जुनं पिस्तूल जपायचं म्हणून अनेक जण आधी कडक स्प्रिंग बसवतात. माझ्या मते गडबड इथेच होते. आधी काडतूस ठरवायला हवं.

५ इंची नळीच्या या पिस्तुलात २३० ग्रेनच्या गोळीसाठी साधारण १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग असते. सरावासाठी १८५ ग्रेनची सौम्य काडतुसं आणि वर १८ पौंडांची स्प्रिंग घातली, तर स्लाइड पुरेशी मागे न जाता रिकामी पुंगळी मध्येच अडकू शकते. शिवाय कडक स्प्रिंग स्लाइडला पुढेही जोरात आपटते. (हूकचा नियम आपण परीक्षेपुरताच शिकतो!) फार मऊ असेल, तर स्लाइड मागे फ्रेमवर आदळते.

पुंगळ्या कुठे पडतात ते पाहा. पायाशीच पडत असतील तर स्प्रिंग बहुधा कडक, फार लांब उडत असतील तर मऊ.